पाचव्या नंबरावर कोण?

आमच्या वेअरहाऊसच्या ब्रेक रूममधे एक पांढरा फळा आहे. खरं तर तो सेफ्टीचा, डावीकडे अपघाताशिवाय किती दिवस गेले तो आकडा टाकायचा आणि उजवीकडे त्या त्या दिवशीच्या शिफ्ट लीडची नावं. पण उजवीकडची अर्धी जागा कायम मोकळी असते आणि मोकळी जागा दिसली की कुणाचा तरी हात शिवशिवतोच. गेल्या ऑक्टोबरात बातमी आली की ॲलन जॅक्सनचा, म्हणजे 'कंट्री' या अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यातल्या एका मोठ्या गायकाचा, शेवटचा मोठा शो नॅशव्हिलच्या निसान स्टेडियमवर होणार, २७ जून २०२६ ला, आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्या मोकळ्या जागेत लिहिलं 'नाइंटीज कंट्री टॉप टेन', खाली एक ते दहा आकडे, आणि एकसमोर ॲलन जॅक्सन. बाकी नऊ जागा रिकाम्या. दोन वाजेपर्यंत त्या एकसमोरचं नाव तीनदा पुसलं गेलं होतं.

मी मूळची मिरजेची. टेनेसीत येऊन चौदा वर्षं झाली, राहते मर्फ्रीसबरोला, म्हणजे नॅशव्हिलपासून ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास, असेल तर देव जाणे. काम इन्व्हेंटरीचं, माल किती आला, किती गेला, आणि कागदावर आहे तेवढा रॅकवर का नाही. आल्यावर पहिली दोन वर्षं मी या गाण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मग कारपूल सुरू झालं आणि ज्याची गाडी त्याचा रेडिओ हा इथला कायदा, त्यामुळे रोज जाऊन येऊन दीड तास कंट्री कानावर पडायला लागलं आणि एक दिवस लक्षात आलं की भांडी घासताना मी ब्रुक्स अँड डन या कंट्रीतल्या जोडीचं गाणं गुणगुणतेय. नवऱ्याने विचारलं, हे काय आता? काही नाही म्हटलं.

तर तो फळा. भांडणारी मंडळी सांगते. फोर्कलिफ्टवाले काका, साठी ओलांडलेले, पूर्व टेनेसीतल्या डोंगरातले. (काका मी मनात म्हणते हां, तोंडावर नावानेच हाक मारते, इथे तसंच चालतं.) रिसीव्हिंगची सुपरवायझर बाई जॉर्जियाची, ॲलन जॅक्सन ज्या न्यूनन गावचा त्याच्या जवळपासची, त्यामुळे तिच्यासाठी हा कलेचा प्रश्नच नाही, घरचा प्रश्न आहे. एक टेक्सासवाला, कमी बोलतो पण बोलला की विषय संपल्यासारखं बोलतो. आणि शिपिंगमधला पोरगा, जन्म १९९८ चा, म्हणजे ज्या दशकावर हा बोलतोय त्यातली दोन वर्षं त्याने दूध पिण्यात घालवलीयत. पण गाणी सगळी पाठ. ही एक नवीन गोष्ट आहे, त्याच्या वयाच्या पोरांना नव्वदचं कंट्री भयंकर आवडतं, २०१९ ला ब्रुक्स अँड डनने आपलीच जुनी गाणी ल्यूक कोम्ब्ज वगैरे नव्या पोरांना बरोबर घेऊन परत गायली त्यानंतर तर विचारूच नका.

काकांनी आधी नियम केले, नियमाशिवाय भांडण म्हणजे नुसता आरडाओरडा असं त्यांचं म्हणणं. नियम एकच. १ जानेवारी १९९० ते ३१ डिसेंबर १९९९ या काळात आलेली गाणी मोजायची, आधीची नाही, नंतरची नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण नियम केला आणि पहिला फटका काकांनाच बसला, कारण त्यांचा लाडका क्लिंट ब्लॅक. इथे 'एटीनाइनची बॅच' म्हणतात, म्हणजे गार्थ ब्रुक्स, क्लिंट ब्लॅक, ॲलन जॅक्सन, ट्रॅव्हिस ट्रिट, सगळे साधारण एकाच वेळी पुढे आले, आणि सुरुवातीला या सगळ्यांत क्लिंट ब्लॅकच पुढे होता, पण त्याचा तो गाजलेला पहिला अल्बम १९८९ चा, म्हणजे नियमाबाहेर. रँडी ट्रॅव्हिसचंही तेच, ज्या माणसाने १९८६ मधे जुन्या वळणाचं गाणं परत चालवून दाखवलं, ज्याच्यामुळे या बाकीच्यांना दार उघडं मिळालं, तो स्वतः यादीत बसत नाही. काका दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, नियम तो नियम.

टेक्सासवाल्याने एकसमोर जॉर्ज स्ट्रेट लिहिलं आणि मार्करचं टोपण लावून खाली ठेवलं, जणू कोर्टाचा निकाल. त्याचं म्हणणं असं की बाकी सगळे नव्वदमधे आले आणि गेले, हा माणूस १९८१ पासून आहे आणि तसाच आहे. टोपी, कडक इस्त्रीची जीन्स, मधोमध स्टेज, चार बाजूंना चार माइक, दोन गाणी या माइकवर मग दोन त्या माइकवर, झालं. ना उड्या ना आतषबाजी. साठ नंबर वन गाणी. मी म्हटलं साठ सगळी मिळून, नव्वदमधली किती ते सांग. तर तो २०२४ च्या जूनमधे टेक्सासच्या काइल फील्ड स्टेडियमवर स्ट्रेटच्या शोला १,१०,९०५ माणसं आली होती ते सांगायला लागला, तो स्वतः होता त्या गर्दीत. काका म्हणाले, दोन हजार चोवीस नियमाबाहेर. मला हसू आवरेना.

मग पोराने फोन काढला. म्हणाला, वाद कशाला, सीएमएचा, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा, 'एंटरटेनर ऑफ द इयर' बघू ना, दर वर्षी एक, दहा वर्षं, दहा नावं. वाचायला लागला. १९९० जॉर्ज स्ट्रेट, ९१ आणि ९२ गार्थ ब्रुक्स, ९३ आणि ९४ व्हिन्स गिल, ९५ ॲलन जॅक्सन, ९६ ब्रुक्स अँड डन, ९७ आणि ९८ परत गार्थ, ९९ शनाया ट्वेन. झालं, गार्थ चार, व्हिन्स दोन, बाकीचे एकेक. पोरगा खूश. सुपरवायझर बाईने डबा बंद केला आणि विचारलं, यात बायका किती? एक. दहा वर्षांत एक, तीही शेवटच्या वर्षी. रीबा मॅकएंटायर नाहीच, तिला एकदाच मिळालं होतं आणि ते १९८६ ला. आणि ही तीच रीबा, जिच्या बँडचे सात जण आणि टूर मॅनेजर १६ मार्च १९९१ ला सॅन दिएगोजवळ विमान पडून गेले आणि तिने त्याच वर्षी त्या दुःखातला अल्बम काढला. बाई म्हणाली, तेव्हा मी अकरावीत होते, आमच्या घरी आईने तो अल्बम इतका वाजवला की कॅसेटची टेप चुरगळली. यावर कुणी काही बोललं नाही. पोराने फोन ठेवला खिशात.

गार्थबद्दल मला थोडं माझ्या धंद्याच्या बाजूने बोलायचंय, कारण हा किस्सा मला फार आवडतो. १९९१ च्या मेपर्यंत बिलबोर्ड मासिकाची खपाच्या अल्बमची यादी कशी बनायची, तर दुकानांना विचारायचं की बाबा काय खपतंय, आणि दुकानदार सांगणार. आता दुकानदार म्हणजे माणूस, त्याला जे आवडतं, जे खपावंसं वाटतं ते तो आधी सांगणार. आमच्याकडे सुद्धा रॅकवर न जाता अंदाजाने आकडा टाकणारी माणसं असतात, मला चांगली माहितीयत. मग त्या मेमधे साऊंडस्कॅन आलं, बारकोड. कॅश काउंटरवर सीडी बीप झाली की मोजली. आणि एकदम काय दिसलं, की अरे हे कंट्री तर लोक गुपचूप पोत्याने विकत घेतायत! त्याच सप्टेंबरमधे गार्थचा 'रोपिन द विंड' आला आणि आल्या आठवड्यातच अख्ख्या यादीत, म्हणजे पॉप, रॉक सगळं धरून, थेट पहिल्या नंबरवर. कंट्रीच्या अल्बमचं असं आधी कधीच झालं नव्हतं. गाणारे तेच होते, ऐकणारेही तेच, फक्त मोजणी बदलली. मी हे ब्रेक रूममधे सांगितलं तेव्हा टेक्सासवाला म्हणाला, तुला यात गाणं ऐकू येत नाही, बारकोड ऐकू येतो. बरं बाबा.

पण मोजणीचं म्हणाल तर गार्थच्याच बाबतीत एक गंमत आहे. त्याचे नऊ अल्बम डायमंड आहेत, डायमंड म्हणजे एक कोटीच्या वर, इतके दुसऱ्या कुणाचे नाहीत. आता १९९८ चा त्याचा 'डबल लाइव्ह' दोन सीडींचा, आणि मोठ्या लांबीच्या अल्बमची प्रत्येक सीडी वेगळी धरायची असा डायमंड देणाऱ्यांचा नियम, म्हणजे एक पाकीट विकलं की हिशेबात दोन. मी असा हिशेब आमच्या वेअरहाऊसमधे केला तर संध्याकाळी नोकरी नसेल. तरी सुद्धा, कितीही वजा केलं तरी माणूस वरच राहतो, हेही खरं. १९९३ ला टेक्सास स्टेडियममधे दोरीला लटकून लोकांच्या डोक्यावरून उडत गाणारा, १९९६ च्या फॅन फेअरला, म्हणजे चाहत्यांच्या मेळ्याला, सलग तेवीस तास उभं राहून सह्या देणारा, १९९७ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे फुकट कार्यक्रम करून कुठून कुठून माणसं गोळा करणारा. म्हणजे न्यूयॉर्कमधे! कंट्रीसाठी! काका म्हणतात त्याने आमचं गाणं लांबपर्यंत नेलं. टेक्सासवाला म्हणतो, हो, इतकं लांब की परत आलंच नाही. आणि मग क्रिस गेन्स. १९९९, गार्थने विग घालून, ओठाखाली दाढीची पट्टी ठेवून एका काल्पनिक रॉक गायकाच्या नावाने अख्खा अल्बम काढला. कुणाला कळेना याला झालंय काय. गार्थवाले हा विषय आला की म्हणतात ते सोडून द्या, आणि काका ताबडतोब म्हणतात, सप्टेंबर नव्याण्णव, नियमात बसतं, मोजायचं.

शनायाच्या वेळी मात्र मी बोलले, कारण या सगळ्या लोकांत मी तिला आधीपासून ओळखत होते. सांगलीला इंजिनिअरिंगला होते, हॉस्टेलच्या टीव्हीवर एमटीव्ही लागायचं आणि त्यात ती बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे घालून वाळवंटात चालायची, मला काहीही इम्प्रेस करत नाही म्हणायची, आणि आम्ही दहा-बारा पोरी मेसला जायचं सोडून ते बघायचो. ही कंट्री आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिला पॉप समजत होतो आणि इथे येऊन कळलं की आमचं फारसं चुकलं नव्हतं, कारण 'कम ऑन ओव्हर' परदेशात विकताना त्यातली फिडल आणि स्टील गिटार कमी करून गाणी वेगळी मिक्स केली होती. म्हणजे मिरज-सांगलीला पोचेपर्यंत त्यातलं कंट्री गाळून घेतलेलं. प्रोड्यूसर तिचा तेव्हाचा नवराच, मट लँग, ज्याने आधी एसी/डीसी आणि डेफ लेपर्डचे अल्बम केले होते, त्यामुळे गिटार कशी वाजणार ते कळलंच. जगभर चार कोटींच्या आसपास गेला तो अल्बम. सुपरवायझर बाईचं ठाम मत, ती कॅनडाची, तिला वेगळ्या यादीत घाला. मी म्हटलं, मग मिरजेपर्यंत तुमच्यातलं दुसरं कोण पोचलं होतं सांगा. कुणीच नाही. जॉर्ज स्ट्रेटची साठ नंबर वन गाणी, त्यातलं एकही कृष्णा ओलांडून आलं नाही. शनाया चार नंबरावर गेली आणि तिथेच राहिली, तिच्यासाठी भांडणारी मी एकटी पण आवाज मोठा.

(टिम मॅकग्रॉचा विषय निघाला तेव्हा पोराने मला विचारलं तुला 'इंडियन आउटलॉ' आवडत असेल ना. अरे बाळा, ते इंडियन वेगळे. १९९४ चं गाणं ते, तेव्हाही त्यावरून बराच गोंधळ झाला होता, मूळ अमेरिकन लोकांची थट्टा म्हणून काही रेडिओ स्टेशनांनी लावलंच नव्हतं. मला इथे आल्या आल्या एकाने कौतुकाने ऐकवलं होतं, मी पण शेवटपर्यंत वाट बघत बसले आपलं काहीतरी येईल म्हणून.)

ॲलन जॅक्सनबद्दल सुपरवायझर बाईने काय सांगितलं ते सांगते, कारण ही गोष्ट ती दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मी नव्याने ऐकते. १९९९ चा सीएमए सोहळा. जॉर्ज जोन्स, म्हणजे या गाण्यातला म्हाताऱ्यांचा म्हातारा, त्याच वर्षी गाडीच्या मोठ्या अपघातातून वाचलेला, त्याचं 'चॉइसेस' नावाचं गाणं नॉमिनेट झालेलं. आयोजक म्हणाले, टीव्हीवर वेळ कमी आहे, थोडक्यात गा. जोन्स म्हणाला, मग येतच नाही. आणि आलाच नाही. ॲलन जॅक्सन स्वतःचं गाणं गायला स्टेजवर आला, अर्धं गायला, मधेच थांबवलं, बँडने एकदम सूर बदलला आणि हा 'चॉइसेस' गायला लागला, देशभर लाइव्ह चालू असताना. गाऊन झालं, गिटार घेतली आणि सरळ चालत निघून गेला. लोक उभे राहिलेले. बाई हे सांगताना स्वतः उभी राहते, हातात दह्याचा डबा असतो. त्याच्या आधी १९९४ ला पण एका अवॉर्डला त्याला म्हणे आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवायला लावलं, तर याचा ड्रमर स्टेजवर काठ्याच न घेता बसला, नुसते हात हलवत, म्हणजे बघणाऱ्यांना कळावं. काही न बोलता. मला हा माणूस यासाठी आवडतो, गाण्यापेक्षाही जास्त कदाचित. आता त्याला नसांचा आनुवंशिक आजार आहे, उभं राहताना तोल जातो, म्हणून हा शेवटचा शो. त्यामुळे शेवटी एकवर कोण तर तोच, आणि त्यात थोडा निरोपाचा भाग आहे हे सगळ्यांना माहीत होतं, टेक्सासवाल्याला पण. तो फक्त म्हणाला, जुलैमधे परत बोलू.

तर वरचे चार म्हणजे ॲलन, स्ट्रेट, गार्थ, शनाया. उलटसुलट करा, नावं तीच. कुठेही जा, कुठल्याही बारमधे, कुठल्याही गाडीत, वरच्या चारांत फार फरक पडत नाही, तेवढ्यासाठी भांडायची गरजच नाही. माणसाची खरी ओळख पाचव्या नंबरावर होते. पहिले चार आपण इतरांचं ऐकून लिहितो, पाचवा आपला असतो. काकांनी लिहिलं जो डिफी. पोराने ब्रुक्स अँड डन, कारण त्याला नाचता येतं. (मला पण येतं आता, लाइन डान्स, इथल्या कम्युनिटी सेंटरमधे शिकले. रांगेत उभं राहायचं, सगळ्यांनी एकदम वळायचं, टाच टेकवायची, मागे यायचं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं आधी काही शिकलीयस का, मी म्हटलं लेझीम.) सुपरवायझर बाईने रीबा. टेक्सासवाल्याने ड्वाइट योकम, जो नॅशव्हिलला कुणी विचारेना म्हणून लॉस एंजेलिसला जाऊन रॉकवाल्यांच्या क्लबात गायला, हे मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं, जरा आदर वाढला.

आणि मी लिहिलं पॅटी लव्हलेस.

पोरगा म्हणाला, कोण?

आता थोडं मागे जावं लागेल. आमचं मिरजेचं घर सतारमेकर गल्लीपासून जवळ. लहानपणी शाळेतून येताना भोपळे वाळत घातलेले दिसायचे, आत कुणीतरी तानपुरा जुळवत बसलेलं असायचं, तासन् तास एकच सूर. दर्ग्यात उरुसाला रात्रभर गाणं असतं, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीतलं, आजोबा घेऊन जायचे आणि मी झोपून जायचे. पण एक गोष्ट आजोबांनी डोक्यात घातली होती. ते म्हणायचे, गाणाऱ्याकडे सगळेच बघतात, तू मागे तानपुऱ्यावर बसलेल्याकडे बघ. मुख्य गाणारा दम घ्यायला थांबला की मागचा बारीक आवाजात सूर धरून ठेवतो, ती साथ. ती चांगली असली तर कळत नाही, वाईट असली तर सगळं कळतं.

इथे आल्यावर कंट्रीत मला पहिल्यांदा जे आवडलं ते गाणं नव्हतंच, ती पेडल स्टील होती. आडवी ठेवलेली गिटार, बोटात लोखंडाचा दांडा, पायाखाली पेडल, गुडघ्याला पण दांड्या, आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर असा घसरत जातो की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडीत मोठ्याने म्हटलं, अरे ही तर मींड आहे! कारपूलमधल्या लोकांना वाटलं काहीतरी विसरले. २०१४ च्या सुमाराला एका सोमवारी नॅशव्हिलला थर्ड अँड लिंडस्ली नावाच्या क्लबात टाइम जंपर्स हा बँड ऐकायला गेलो, त्यात पॉल फ्रँकलिन स्टीलवर आणि व्हिन्स गिल गिटार घेऊन बाजूला, नेहमीच्या बँडवाल्यासारखा. नव्वदमधल्या कितीतरी रेकॉर्डवर या पॉल फ्रँकलिनची स्टील आहे, आणि ती नुसती सजावट नाही, अर्धं रडणं तर तिचंच असतं. फळ्यावर त्याचं नाव लिहायला जागाच नाही. दहा गायक. वाजवणारे नाहीत, लिहिणारे नाहीत.

बरं, पॅटी लव्हलेस. केंटकीच्या पाइकव्हिलची, वडील कोळशाच्या खाणीत, फुप्फुसात कोळसा बसून गेले. (ड्वाइट योकम पण जन्माने पाइकव्हिलचाच, हे मी टेक्सासवाल्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसला.) १९९२ ला तिच्या स्वरतंतूंची शस्त्रक्रिया झाली, परत गाता येईल की नाही अशी अवस्था, आणि पुढच्याच वर्षी नव्या अल्बममधलं गाणं नंबर वन. १९९५ ला सीएमएचा अल्बम ऑफ द इयर, ९६ ला गायिकेचं बक्षीस. म्हणजे कागदावर सुद्धा काही कमी नाही. पण मी तिला पाचवर का घातलं ते वेगळंच आहे. व्हिन्स गिलची दोन सगळ्यात मोठी गाणी घ्या, १९९० चं 'व्हेन आय कॉल युवर नेम' आणि ९५ चं 'गो रेस्ट हाय', जे इथे प्रत्येक दुसऱ्या अंत्यविधीला वाजतं. दोन्हीत मागे एक बाईचा आवाज आहे, उंच, डोंगराळ, थोडा धारदार. ती पॅटी. दुसऱ्याच्या गाण्यात तिचं नाव छोट्या अक्षरात.

२०१३ च्या एप्रिलमधे जॉर्ज जोन्स गेला. २ मेला ग्रँड ओल ऑप्रीच्या हॉलमधे अंत्यविधी, टीव्हीवर लाइव्ह, मी त्या दिवशी घरी होते, ताप होता. तेव्हा मला यातली निम्मी माणसं ओळखू येत नव्हती. व्हिन्स गिल आणि पॅटी लव्हलेस 'गो रेस्ट हाय' गायला उभे राहिले. आणि व्हिन्सला गाता येईना. म्हणजे सुरुवात केली आणि गळा भरून आला, शब्द फुटेना, परत प्रयत्न केला, परत थांबला. हात गिटारवर चालू होते. आणि ती बाजूला उभी होती ती थांबली नाही. त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या जागेवर तिचा आवाज धरून ठेवला, जोरात नाही, पुढे येऊन नाही, जेवढा लागतो तेवढाच, तो परत येईपर्यंत. मी पांघरुणात बसून रडले, जॉर्ज जोन्ससाठी नाही, तो मला माहीत पण नव्हता. आजोबा आठवले.

हे सगळं मी ब्रेक रूममधे एवढं नाही सांगितलं, इंग्रजीत मला इतकं नीट जमत पण नाही. एवढंच म्हटलं की व्हिन्स गिल तुमच्या सगळ्यांच्या यादीत आहे, सहा, सात, आठ कुठेतरी, आणि त्याच्या ज्या गाण्यांसाठी आहे त्यात ही आहे, मग ही का नाही. काका म्हणाले, २०२३ ला हॉल ऑफ फेममधे घेतली तिला. मी म्हटलं, व्हिन्सला २००७ ला घेतलं. काका हसले. सुपरवायझर बाई उठली, रीबा सहावर सरकवली आणि पाचसमोर स्वतःच्या हाताने पॅटी लव्हलेस लिहिलं. मला एकदम माहेरचं कुणी आल्यासारखं झालं.

बाकी जागा पटापट भरल्या, फार भांडण नाही. व्हिन्स सात, ब्रुक्स अँड डन आठ, योकम नऊ, दहावर डिक्सी चिक्स की टोबी कीथ यावर थोडी बाचाबाची आणि त्यात गाण्यापेक्षा दोन हजार तीनचं, इराक युद्धावरून दोघांत जुंपली होती ते, राजकारण जास्त, मी त्यात पडले नाही. आता त्या नुसत्या 'द चिक्स' आहेत आणि टोबी कीथ २०२४ मधे गेला, पण हा वाद दोघांनाही पुरून उरेल असं दिसतंय. कुणीतरी जॉनी कॅश पण म्हणालं. नव्वदमधे रेडिओवाल्यांनी त्याला वाजवायचंच सोडून दिलं होतं, आणि ९८ ला त्याच्या अल्बमला ग्रॅमी मिळाल्यावर त्याच्या कंपनीने बिलबोर्डमधे पान भरून त्याचा मधलं बोट दाखवणारा जुना फोटो छापला, नॅशव्हिलच्या लोकांचे आभार म्हणून. काका म्हणाले, तो यादीत नको, तो यादीला हसेल.

पण जो डिफी कुठेच बसला नाही. काकांनी भांडण केलंच नाही, हेच मला जरा लागलं. डिफी म्हणजे पिकअप ट्रकची, ट्रॅक्टरच्या हिरव्या रंगाची गाणी म्हणणारा, मागे लांब केस, लोक हसण्यावारी नेतात, पण आवाज असा की हळू गाणं धरलं तर भलेभले गप्प. २९ मार्च २०२० ला कोविडने गेला, एकसष्ट वर्षांचा. त्या आठवड्यात आम्ही सगळे मास्क शोधत होतो आणि काका फोर्कलिफ्टवर एकटे त्याची गाणी लावून रॅक भरत होते, हे मला आठवतंय. तेव्हा वेअरहाऊसमधे गाणी लावायला बंदी होती. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर फळ्यावर पाचसमोर परत जो डिफी. पॅटी पुसलेली. मी काही न बोलता पुसायला गेले, जाईना. स्प्रे मारला, जाईना. परमनंट मार्कर. काका लांबून कॉफी पीत बघत होते, चेहरा एकदम निष्पाप. मी त्याच्या खाली बारीक अक्षरात '५अ पॅटी लव्हलेस' लिहिलं, साध्या मार्करने, ते सफाईवाल्याने शुक्रवारी बाकीच्या यादीबरोबर पुसलं.

आता फळ्यावर उजवीकडे फक्त तेवढं एकच नाव आहे. मागच्या महिन्यात बाहेरून सेफ्टी ऑडिटला माणूस आला होता, वहीत काय काय लिहीत फिरला, फळ्यासमोर थांबला आणि काकांनाच विचारलं, हा जो डिफी कोण, शिफ्ट लीड का?

काका म्हणाले, हो, आज रजेवर आहे.